डायइलेक्ट्रिक घातलं की क्षेत्र कमी होतं, पण कुठलं आणि कधी?

तुमचा प्रश्न असा. बारावीला शिकलात की दोन प्लेटांमध्ये डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज वाहू न देणारा पदार्थ, सरकवलं की विद्युत क्षेत्र ‘के’ पटीने कमी होतं (के म्हणजे त्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक). आता ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलात, तर तिथले सीनियर सांगतात की इन्सुलेशनमध्ये अडकलेल्या बुडबुड्यात क्षेत्र जास्त असतं, म्हणून तो आधी फुटतो, म्हणजे त्याच्यातून ठिणगी जाते. मग खरं कोण? शिवाय तेल भरण्याआधी टाकीत व्हॅक्यूम का ओढतात, आणि व्हॅक्यूम चालू असताना मेगर (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) लावायला एवढी सक्त मनाई का, हेही विचारलंय.

दोघंही खरे आहेत. फक्त पुस्तकातल्या वाक्याला एक अट असते, ती परीक्षेत कोणी विचारत नाही आणि म्हणून लक्षात राहत नाही. मी सत्तावीस वर्षं हाय व्होल्टेज चाचणी विभागात काढली. तिथे मी जेवढी इन्सुलेशनं फुटताना पाहिली, त्यातली बरीचशी ही अट विसरल्यामुळे फुटली.

आधी पदार्थाच्या आत काय होतं ते पटकन बघू. काच, कागद, तेल, प्लास्टिक यांच्यात मोकळे इलेक्ट्रॉन जवळपास नसतात, त्यामुळे प्रवाह वाहत नाही. पण क्षेत्र लावलं की प्रत्येक अणूचा इलेक्ट्रॉनांचा ढग किंचित एका बाजूला सरकतो. किंचित म्हणजे किती? एका मिलिमीटरला एक किलोव्होल्ट इतकं दणकट क्षेत्र असलं, तरी हे सरकणं अणूच्या व्यासाच्या एक लाखाव्या भागापेक्षा कमी. पण अणू अगणित, आणि सगळे एकाच दिशेला सरकतात, म्हणून पदार्थाच्या एका पृष्ठभागावर थोडा ऋण आणि दुसऱ्यावर थोडा धन प्रभार उघडा पडतो. हा प्रभार मूळ क्षेत्राच्या उलट दिशेचं क्षेत्र तयार करतो आणि आतलं क्षेत्र तेवढं घटतं. ध्रुवीकरण म्हणतात ते एवढंच.

पाण्याचं प्रकरण वेगळं. पाण्याचा रेणू जन्मतःच एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण. क्षेत्र लावलं की हे रेणू वळून रांगेत उभे राहू पाहतात, म्हणून पाण्याचा के खोलीच्या तापमानाला ८० च्या आसपास जातो. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा फक्त २.२. मीठ पाण्यात विरघळतं आणि फोडणीच्या तेलात तळाशी तसंच बसून राहतं, त्याचं एक मोठं कारण हेच. पाण्यात सोडियम आणि क्लोरीनच्या आयनांमधलं आकर्षण ऐंशी पटीने ढिलं पडतं, तेलात ते जवळपास घट्टच राहतं.

हा पदार्थापदार्थातला फरक मोजून जगापुढे मांडला तो मायकेल फॅरेडेने, १८३७ च्या सुमारास. एकात एक बसवलेल्या पितळी गोलांची दोन सारखी उपकरणं घेतली, एकात हवा ठेवली, दुसऱ्यात लाखेचा थर बसवला, आणि प्रभार दोघांत वाटून बघितला. लाखवाल्याने जास्त प्रभार घेतला. गंधक आणि काच घालूनही त्याने पाहिलं. ‘डायइलेक्ट्रिक’ हा शब्दही त्याच सुमारास विल्यम ह्यूएल यांनी त्याला सुचवला. त्यातलं ‘डाय’ म्हणजे आरपार: ज्याच्या आरपार विद्युत बल पोचतं तो पदार्थ. हा अर्थ लक्षात ठेवा. इन्सुलेटर प्रवाह अडवतो, क्षेत्र अडवत नाही. क्षेत्र त्याच्यातून जातंच. ते कुठे किती पडणार, एवढंच तो ठरवतो.

आता ती अट. पुस्तकातलं उदाहरण आठवा: कपॅसिटर चार्ज केला, बॅटरी काढून घेतली, मग पदार्थ सरकवला. प्लेटांवरचा प्रभार कुठे जाऊ शकत नाही, म्हणून पदार्थाच्या आतलं क्षेत्र के पटीने कमी होतं आणि व्होल्टेजही उतरतं. बरोबर. पण तुमच्या कारखान्यातल्या, किंवा रस्त्याकडेच्या डीपीमधल्या कोणत्या ट्रान्सफॉर्मरची ‘बॅटरी’ काढलेली असते? तिथे व्होल्टेज ग्रिड ठरवते. २२ किलोव्होल्ट म्हणजे २२ किलोव्होल्ट, मध्ये काहीही घाला. व्होल्टेज बांधलेलं, अंतर बांधलेलं, आणि मधली सगळी जागा एकाच पदार्थाने भरलेली असेल, तर क्षेत्र म्हणजे व्होल्टेज भागिले अंतर. त्यात के कुठेच येत नाही. हवा असो, तेल असो, काच असो, आकडा तोच. जास्त के असेल तर प्लेटांवर जास्त प्रभार चढतो, बस्स.

खरी गंमत सुरू होते ती जागा दोन पदार्थांनी भरली की. ही गोष्ट मला कोणत्या पुस्तकाने नाही, एका दुपारी बॅकेलाईटच्या एका शीटने शिकवली.

नोकरीचं तिसरं वर्ष असेल. एका पॅनेलची हाय व्होल्टेज चाचणी लावायची होती आणि बसबार (प्रवाह वाहून नेणारी धातूची जाड पट्टी) ते पत्र्याच्या अर्थ केलेल्या भिंतीपर्यंतचं अंतर मला जरा कमी वाटत होतं. आमचा हुशार टेक्निशियन म्हणाला, “मॅडम, हवेवर कशाला भरवसा ठेवता? शीट सरकवून देतो मध्ये, मग बिनधास्त मारा.” मलाही पटलं. बॅकेलाईट हवेपेक्षा कितीतरी दणकट, मग वाईट काय होणार? शीट सरकवली. ती जवळजवळ सगळी फट भरत होती, बसबारच्या बाजूला बोटभरापेक्षा कमी हवा राहिली. व्होल्टेज चढवायला घेतलं. शीट नसताना जिथे काहीच होत नव्हतं, त्याच्या बऱ्याच खाली सूं-सूं आवाज सुरू झाला. दिवे मालवले तर शीट आणि बसबारच्या मध्ये जांभळट उजेडाची झालर. दोन मिनिटांत वेल्डिंगच्या कोपऱ्यात येतो तसा ओझोनचा उग्र वास. शीट काढली, वास गेला, आवाज गेला, आणि नुसत्या हवेवर पॅनेल पूर्ण मिनिटभर उभं राहिलं.

तो टेक्निशियन नंतर कितीतरी दिवस मला सांगत होता की शीटच खराब होती. शीट चांगली होती.

का, ते आकड्यांत बघा. बसबार सोडून द्या, सपाट प्लेटा घ्या, हिशेब सोपा होतो. अंतर १० मिमी, व्होल्टेज २० किलोव्होल्ट शिखर, म्हणजे एसीच्या लाटेच्या माथ्यावरचं. नुसती हवा असेल तर क्षेत्र दर मिलिमीटरला २ किलोव्होल्ट. या अंतरावर हवा साधारण ३ पर्यंत टिकते, म्हणजे सुरक्षित. आता ८ मिमी जाडीची काच सरकवा, के ६. उरलेली हवा २ मिमी. नियम असा की दोन पदार्थ क्षेत्राच्या वाटेत एकामागे एक असले, तर के गुणिले क्षेत्र हा आकडा दोघांत सारखा राहतो. म्हणजे हवेतलं क्षेत्र काचेतल्याच्या सहा पट. व्होल्टेजची बेरीज २० जमवायची, तर काचेत १ आणि हवेत ६ येतं: आठ एके आठ, दोन सक बारा, झाले वीस. हवा पातळ थरात थोडी जास्त टिकते, २ मिमीला ४ च्या आत-बाहेर, पण ६ ला नाही टिकत. फुटणारच.

आणि फट पूर्णच काचेने भरली असती तर? पुन्हा २. नुसती हवा २, नुसती काच २, आणि दोन्ही मिळून हवेत ६. जो दणकट आहे त्याने भार अंगाबाहेर टाकला, आणि जो मुळात अशक्त त्याच्यावर तिप्पट ओझं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

पुस्तकातल्या, बॅटरी काढलेल्या प्रयोगातही हाच हिशेब करून बघा. २० किलोव्होल्टला चार्ज करून मग काच सरकवली, तर काचेतलं क्षेत्र ०.३३ वर येतं, पण हवेतलं २ चं २ च राहतं. म्हणजे ‘क्षेत्र कमी होतं’ हे वाक्य पदार्थाच्या आतल्या क्षेत्राबद्दल आहे. शेजारच्या हवेला त्यात काही दिलासा नाही.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर कोणीतरी मला ट्रान्सफॉर्मर उघडून दाखवेल. ट्रान्सफॉर्मरच्या आत प्रेसबोर्डचे, म्हणजे दाबून केलेल्या जाड पुठ्ठ्याचे, पडदे मुद्दाम घालतातच की! घालतात. जिथे क्षेत्र एकसारखं नसतं तिथे योग्य जागी ठेवलेला पडदा आरपार ठिणगी जाण्याची वाट अडवतो आणि तेलाचे थर पातळ करतो. पातळ थर दर मिलिमीटरला जास्त टिकतो. शिवाय तेलाचा के २.२ आणि तेल प्यायलेल्या प्रेसबोर्डचा चारच्या जरा वर, म्हणजे तफावत दुपटीची, सहापटीची नाही. आमच्या त्या शीटनेही आरपार ठिणगी बहुधा अडवलीच असती. पण तासन् तास ती जांभळी झालर चालू राहिली असती तर शीटचा पृष्ठभाग खात गेला असता. गंमत म्हणजे हीच झालर मुद्दाम पेटवून ओझोन बनवतात. वर्नर फॉन सीमेन्सने १८५७ मध्ये तसं यंत्र केलं, आणि पाणी शुद्ध करायच्या ओझोनच्या संचात आजही काचेची किंवा सिरॅमिकची नळी आणि शेजारी हवेची बारीक फट, हीच रचना असते. आपल्याला जे चुकून होतं, ते त्यांना हवं असतं.

आता तुमच्या सीनियरचा बुडबुडा. तो म्हणजे हाच हिशेब, फक्त हवा बाहेर नसून आत अडकलेली. इपॉक्सीत ओतलेलं ११ किलोव्होल्टचं एखादं उपकरण घ्या. फेज ते अर्थ शिखर व्होल्टेज ९ किलोव्होल्ट. इपॉक्सीची जाडी ५ मिमी धरा, म्हणजे क्षेत्र १.८. चांगलं इपॉक्सी याच्या दहापटही सहज सोसतं, त्याला हा भार जाणवतही नाही. पण ओतताना एक चपटी पोकळी राहिली, ०.२ मिमी जाड, क्षेत्राला आडवी. इपॉक्सीचा के चार, म्हणून पोकळीत क्षेत्र ७.२ आणि पोकळीवर व्होल्टेज १४४० व्होल्ट. ०.२ मिमी हवा साधारण १३५० व्होल्टला फुटते. फुटली.

फुटली म्हणजे उपकरण गेलं असं नाही. बाकीचं इपॉक्सी शाबूत आहे, मोठी ठिणगी पडत नाही, फ्यूज उडत नाही, कोणाला काही कळत नाही. फक्त पोकळीच्या आत एक इवलीशी ठिणगी. याला पार्शल डिस्चार्ज म्हणतात, शॉपवर नुसतं ‘पीडी’. पण ५० हर्ट्झ पुरवठ्यात प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला निदान एकदा म्हणजे सेकंदाला शंभरदा, म्हणजे दिवसाला ८६ लाख ठिणग्या. पोकळीची भिंत जळते, खरवडली जाते, तिच्यातून झाडाच्या फांद्यांसारखी बारीक भुयारं फुटतात, आणि महिन्यांनी किंवा वर्षांनी एक फांदी दुसऱ्या टोकाला पोचते. मग आवाज होतो, आणि सगळे म्हणतात ‘अचानक’ गेलं.

आकारही महत्त्वाचा. तीच ०.२ मिमीची पोकळी गोल असती तर तिच्यातलं क्षेत्र चौपट नसतं, फक्त १.३३ पट असतं, म्हणजे २.४, आणि व्होल्टेज ५०० च्याही आत. ती फुटली नसती. आणि पोकळी क्षेत्राच्या दिशेने लांबट, सुईसारखी असेल तर तिच्यात जवळजवळ बाहेरइतकंच क्षेत्र, कारण कडेला लागून शेजारी-शेजारी असलेल्या पदार्थांत क्षेत्र सारखं राहतं. म्हणून थर सुटणं, म्हणजे कागदाचे किंवा इपॉक्सीचे थर एकमेकांपासून विलग होणं, हे गोल बुडबुड्यापेक्षा कितीतरी वाईट. ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मरला पीडीची मर्यादा १० पिकोकूलॉम असते (पिकोकूलॉम हे प्रभाराचं अगदी बारीक एकक). नवख्यांना तो आकडा उगाच कडक वाटतो. वरचा हिशेब केला की वाटत नाही.

केबलवाल्यांनी या बुडबुड्यावर जो तोडगा काढलाय तो मला फार आवडतो. एक्सएलपीई, म्हणजे क्रॉसलिंक केलेल्या पॉलिथिनचं इन्सुलेशन असलेली, केबल कापून बघा. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारांचा पीळ, त्यावर एक काळा पातळ थर, मग पांढरट दुधी इन्सुलेशन, मग पुन्हा काळा थर. ते काळे थर म्हणजे कार्बन मिसळलेलं प्लास्टिक, अर्धवट वाहक. का? पिळलेल्या तारांच्या खाचांत हवा राहणार, ती काढणं अशक्य. इन्सुलेशन थेट तारांवर चढवलं तर त्या खाचांतली हवा क्षेत्राच्या वाटेत येणार. काळा थर घातला की खाच आणि तार एकाच व्होल्टेजला बांधली जाते, मधे व्होल्टेजचा फरकच नाही, म्हणजे क्षेत्र शून्य. हवा तिथेच आहे, पण तिच्यावर काही भार नाही. पोकळी काढता येत नसेल तर तिला क्षेत्राबाहेर काढा.

आणि याच केबलचं टोक करताना सगळं बिघडू शकतं. जॉइंटर, म्हणजे केबलचे जोड आणि टोकं करणारा कारागीर, बाहेरचा काळा थर काही अंतरापर्यंत सोलून काढतो, आणि जिथे तो थर संपतो त्या कडेवर क्षेत्राच्या सगळ्या रेषा गर्दी करतात. तिथे जास्त के असलेली स्ट्रेस कंट्रोल ट्यूब चढवतात. के जास्त असल्यामुळे ती क्षेत्र आपल्या अंगावर घेत नाही, कडेपासून लांबवर पसरवून देते. काचेत शिरताना उजेड वाकतो, तशा दोन पदार्थांच्या सीमेवर या रेषाही वाकतात. पावसाळ्यात फुटपाथवर ताडपत्रीखाली बसून २२ किलोव्होल्टचं टोक करणारा चांगला जॉइंटर बघा. काळा थर सोलताना ब्लेड किती हलक्या हाताने फिरवतो! पांढऱ्या इन्सुलेशनवर ब्लेडची एक चीर पडली, तर ती चीर म्हणजे ट्यूबखाली कायमची अडकलेली हवा, तीही नेमकी क्षेत्राच्या गर्दीत. म्हणून तो पॉलिश पेपरने घासतो, पुसतो, सिलिकॉन ग्रीस लावून खाचा भरतो. घाईचा जॉइंटर यातलं अर्धं गाळतो. तपासायला कोणी उकलून बघत नाही, पण केबल बघते.

एक गैरसमज इथेच काढून टाकते, कारण मुलाखतीला आलेल्या दहातले आठ जण इथे अडखळायचे. के जास्त म्हणजे इन्सुलेशन चांगलं, असं नाही. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. के सांगतो क्षेत्र कसं वाटलं जाईल. किती क्षेत्राला पदार्थ फुटेल हा वेगळाच गुण. पाण्याचा के ८०, पण नळाच्या पाण्याने इन्सुलेशन करायचा विचार कोणी करणार नाही. उलट एसएफ-६ (सल्फर हेक्साफ्लोराइड) वायूचा के हवेइतकाच, जवळपास १, पण तोच दाब असताना तो हवेच्या अडीच पटीहून जास्त क्षेत्र सोसतो, म्हणून मुंबईसारख्या दाट शहरातली सबस्टेशनं त्यात बंद करता येतात.

पाण्यावरून तेलाच्या बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे तेल किती व्होल्टेजला फुटतं) चाचणीकडे येऊ, कारण तुम्ही ती रोज करत असणार. कपात तेल, दोन इलेक्ट्रोड, अंतर २.५ मिमी, दर सेकंदाला २ किलोव्होल्टने चढवत जायचं, सहा फटके, मधे दोन-दोन मिनिटं थांबा, आणि सरासरी. कधी टॉर्च मारून कपात वाकून बघा, अर्थात झाकणाचं इंटरलॉक न काढता. जुन्या, ओलसर तेलात कागदाचे बारीक तंतू तरंगत असतात. व्होल्टेज चढायला लागलं की ते तंतू हळूहळू फटीकडे ओढले जातात आणि टोकाला टोक लावून उभे राहतात, लोहचुंबकाजवळचा लोखंडी कीस राहतो तसे. ओल्या तंतूचा के तेलापेक्षा बराच जास्त, आणि जास्त के वाला कण नेहमी जिथे क्षेत्र तीव्र तिकडे खेचला जातो. पूल तयार झाला की तेल फुटतं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या आतही हेच होतं, फक्त तिथे बघायला कोणी नसतं. हवेचा बुडबुडा उलट, त्याचा के तेलापेक्षा कमी म्हणून तीव्र क्षेत्रातून तो बाहेर ढकलला जातो. पण एका फटक्यानंतर तयार झालेला वायू निघून जायला वेळ लागतो. ती दोन मिनिटं त्यासाठीच. घाई करून अर्ध्या मिनिटाने पुढचा फटका मारला आणि आकडा खाली आला, तर दोष तेलाला देऊ नका.

आतापर्यंतचं सगळं एसीचं. डीसीला नियम बदलतो. क्षेत्र सतत एकाच दिशेला राहिलं की शेवटी वाटणी के वर ठरत नाही, रोधकतेवर ठरते. थोडी का होईना, प्रत्येक इन्सुलेटरमधून गळती असते, आणि ज्यातून कमी गळती त्याच्यावर जास्त व्होल्टेज जमतं. तेल-कागदाच्या जोडीत एसीला तेलावर भार जास्त, डीसीला कागदावर. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत येणाऱ्या ±५०० किलोव्होल्टच्या ७५२ किलोमीटर एचव्हीडीसी (हाय व्होल्टेज डीसी) लाइनच्या दोन्ही टोकांना, एसी-डीसी बदलणाऱ्या यंत्रणेला जोडलेले जे कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर आहेत, त्यांच्या इन्सुलेशनला हे दोन्ही एकदम सोसावं लागतं. वर तापमान बदललं की रोधकता कित्येक पटीने बदलते, म्हणजे थंड आणि गरम ट्रान्सफॉर्मरमध्ये वाटणी वेगळी. एसीवर इतकी वर्षं घालवूनही ती ड्रॉइंगं बघताना मी पेन्सिल खाली ठेवून दोनदा विचार करायचे.

आणि डीसी चाचणी झाल्यावर अर्थ रॉड लावून लगेच काढू नका. सावकाश झालेलं ध्रुवीकरण सावकाशच उतरतं. रॉड काढून पाच मिनिटांनी केबलच्या टोकावर परत व्होल्टेज उभं राहिलेलं मी मीटरवर पाहिलंय, आणि एका सहकाऱ्याने बोटावर.

आता व्हॅक्यूम. सुकवलेला प्रेसबोर्ड आणि कागद म्हणजे सूक्ष्म छिद्रांचा स्पंज. तेल नुसतं वरून ओतलं तर ते बाहेरून भिजवतं आणि आतली हवा कोंडून ठेवते: के जास्त असलेला कागद, मधे के १ ची हवा, म्हणजे वरचाच हिशेब लाखो ठिकाणी. म्हणून आधी हवा काढायची, मग व्हॅक्यूममध्येच तेल आत सोडायचं, म्हणजे छिद्रांत हवेच्या जागी २.२ के चं तेल बसतं आणि कागद-तेल यांच्यात तफावत कमी राहते. त्यानंतरही तेल भरून ट्रान्सफॉर्मर लगेच चार्ज करत नाहीत. राहिलेले बुडबुडे तेलात विरघळायला वेळ देतात. डिस्पॅचची कितीही घाई असली तरी हा वेळ कापू देऊ नका. आमच्याकडे मी यावरून दोनदा भांडले आणि एकदा हरले.

आणि मेगर. वर म्हटलं की हवेचा पातळ थर दर मिलिमीटरला जास्त टिकतो. विरळ हवेचंही काहीसं तसंच, पण एका टप्प्यानंतर. हवा किती व्होल्टला फुटेल हे दाब गुणिले अंतर या एकाच आकड्यावर ठरतं. हा पाशेनचा नियम, १८८९ चा. तो आकडा कमी करत गेलं की फुटायचं व्होल्टेज उतरत उतरत साधारण ३३० व्होल्टच्या तळाला जातं, आणि त्यापलीकडे पुन्हा झपाट्याने चढतं. नेहमीच्या दाबाला हा तळ सात-आठ मायक्रॉनच्या फटीला येतो, म्हणून इपॉक्सीतल्या अगदी सूक्ष्म पोकळ्या निरुपद्रवी ठरतात. पण दाब १ मिलिबार केला की तोच तळ सात-आठ मिलिमीटरच्या फटीला येतो. वाइंडिंग आणि कोअरच्या मधे, लीड आणि टाकीच्या मधे अशाच काही मिलिमीटरच्या फटी असतात, आणि टाकीतला दाब उतरताना नेमका त्या मिलिबारच्या आसपास रेंगाळतो. तिथे ३३० व्होल्ट पुरतात, आणि तुमच्या हातातला मेगर ५००० व्होल्टचा.